यादी थोरांची, धडपड दुसऱ्यांची

रोमच्या पिंचो टेकडीवरच्या बागेत वाटांच्या कडेने संगमरवरी अर्धपुतळे उभे आहेत. एकदोन नव्हेत, सव्वादोनशेच्या वर. कवी, चित्रकार, सेनापती, गणिती, संत. इटलीच्या इतिहासात ज्याला थोर म्हणावं असं कुणाला तरी कधीतरी वाटलं, तो इथे छातीपर्यंत कोरून ठेवलेला आहे. बहुतेक लोक कठड्यापाशी जातात, खालचा चौक आणि पलीकडचे घुमट बघतात आणि परततात. पुतळ्यांखालची नावं वाचत कुणी थांबत नाही. मला मात्र रोममधल्या भल्या भल्या भग्नावशेषांपेक्षा ही बाग जास्त बोलकी वाटते. थोर इटालियन कोण, हा वाद इथे दगडात खेळला गेला, आणि त्याच्या खुणा अजून शाबूत आहेत.

ही यादी मुळात एका बंडखोर सरकारची. १८४८च्या नोव्हेंबरात पोप नववे पायस वेष पालटून रोममधून निसटले. पुढच्या फेब्रुवारीत रोमचं प्रजासत्ताक जाहीर झालं आणि मार्चमध्ये जोसेफ मॅझिनी शहरात येऊन त्याचा प्रमुख कारभारी झाला. हे राज्य पाच महिनेही टिकलं नाही. फ्रेंच फौजा वेशीवर येऊन ठेपल्या होत्या, खजिन्यात खडखडाट होता, आणि शहरातले तरुण शिल्पकार कामाविना बसून होते. अशा वेळी या सरकारने दहा हजार स्कुदी बाजूला काढले आणि त्या शिल्पकारांना काम दिलं: थोर इटालियनांचे अर्धपुतळे घडवा आणि बागेत लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता. सात-आठ संस्थानांत आणि परक्यांच्या अमलात वाटलेला तो मुलूख होता. म्हणजे देशाआधी देशाच्या थोरांची यादी तयार झाली. मॅझिनीचा विचार पक्का होता. संध्याकाळी फिरायला आलेला सुतार, धोबीण, शाळकरी पोर यांच्या नजरेला रोज दान्ते आणि मायकेलअँजेलो पडले, तर आपण सगळे एकाच घरचे आहोत हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

जुलैच्या सुरुवातीला प्रजासत्ताक कोसळलं. मॅझिनी पुन्हा परागंदा झाला. पुतळे मात्र तयार होते, पन्नासच्या वर. पोप परतले आणि त्यांच्या अधिकाऱ्यांपुढे पेच पडला. एवढा संगमरवर फोडून टाकायचा की बागेत बसवायचा? १८५१मध्ये ठरलं की बसवायचा, पण निवडून. या निवडीचा किस्सा रोममध्ये अजून सांगतात. साव्होनारोला हा पोपशी भांडून १४९८ साली फासावर गेलेला आणि मग जाळला गेलेला साधू. मॅकियाव्हेलीचे ग्रंथ चर्चच्या निषिद्ध यादीत. कवी लिओपार्दीचं गद्य लेखन तर नुकतंच, १८५०मध्ये, त्याच यादीत गेलेलं. ग्राकस हा दोन हजार वर्षांपूर्वी गरिबांना जमीन वाटायला निघालेला, म्हणून तोही धोक्याचा. हे चौघे पोपच्या बागेत उभे कसे करायचे? मग छिन्नी चालली, नावं बदलली. मॅकियाव्हेलीचा झाला आर्किमिडीज. लिओपार्दीचा झाला झ्यूक्सिस हा प्राचीन ग्रीक चित्रकार. ग्राकसचा व्हिट्रुव्हियस झाला, साव्होनारोलाचा संगीताची स्वरलिपी बसवणारा आरेझ्झोचा ग्वीदो.

त्या शिल्पकारांचा विचार मनातून जात नाही. तोफांचे आवाज ऐकत त्यांनी लिओपार्दीचा चेहरा घडवला असेल. तो बारा वर्षांपूर्वीच गेलेला, ज्यांनी त्याला पाहिलं होतं अशी माणसं हयात होती. आणि मग तोच चेहरा भलत्याच नावाने उभा. १८७० साली रोम इटलीच्या राज्यात आलं, तेव्हा यादी पुन्हा उघडली आणि ती पार विसाव्या शतकापर्यंत वाढत गेली. बागेतल्या पुतळ्यांची नाकं फोडण्याची खोड तिथे जुनी आहे. रोमची महापालिका पिढ्यानपिढ्या नवी नाकं बसवत आली आहे. नीट निरखलं तर कित्येक चेहऱ्यांवर नाकाच्या मुळाशी बारीक सांधा दिसतो आणि नाकाचा दगड बाकीच्या चेहऱ्यापेक्षा पांढरा लागतो.

मराठी वाचकाला मॅझिनी काही परका नाही. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं. १९०७मध्ये ते पुस्तक महाराष्ट्रात निघालं आणि इंग्रज सरकारने जप्त केलं. त्याची प्रस्तावना मुखोद्गत असलेली तरुण मुलं तेव्हा इथे होती. दान्ते आपल्याकडे अभ्यासकांपुरता राहिला, लिओनार्डो चित्रांच्या पुस्तकांतून आला. पण रक्त तापवणारा पहिला इटालियन आपल्याला मॅझिनीच्या रूपाने भेटला. त्याच मॅझिनीने मायदेशात शेवटचा श्वास घेतला तो खोट्या नावाने. १८७२च्या मार्चमध्ये पिसा शहरात एका मित्रकुटुंबाच्या घरी तो वारला, तेव्हा शेजारपाजाऱ्यांच्या लेखी तो ब्राउन नावाचा कुणी इंग्रज होता. इटली एक होऊन अकरा वर्षं झाली होती आणि इटली एक व्हावी म्हणून आयुष्य जाळणारा हा माणूस स्वतःच्या नावाने राहू शकत नव्हता.

रोममध्ये यादी सरकारने केली. फ्लॉरेन्समध्ये ती एका छापखानेवाल्याने केली, आणि मला तो किस्सा फार आवडतो. उफिझीची इमारत वास्तुकार आणि कलावंतांचा चरित्रकार वसारी याने सोळाव्या शतकात बांधली. तिच्या अंगणाकडच्या खांबांमध्ये त्याने पुतळ्यांसाठी कोनाडे ठेवले होते. राजवटी आल्या, गेल्या. कोनाडे पावणेतीनशे वर्षं रिकामेच. १८३५च्या सुमारास विन्चेन्झो बातेल्ली नावाच्या मुद्रकाच्या डोक्यात आलं की हे भरले पाहिजेत, आणि भरायचे तर थोर तोस्कानी माणसांनी. लोकवर्गणी सुरू झाली. ती पुरेना, म्हणून तोंबोलाचे जाहीर खेळ लावून पैसा उभा केला. अठ्ठावीस पुतळे पूर्ण व्हायला १८५६ साल उजाडलं. आज ज्या दान्ते, जोत्तो, गॅलिलिओ आणि लिओनार्डोच्या पायाशी संग्रहालयाची लांबच लांब रांग उभी असते, त्यांचा संगमरवर अशा पै-पैशातून आला आहे. यादीत तोस्कानाबाहेरचा एकही नाही, हे बातेल्लीच्या मूळ कल्पनेतच होतं. साव्होनारोलाला इथेही जागा मिळाली नाही, आणि त्याला जिथे जाळलं तो चौक तर इथून हाकेच्या अंतरावर. स्त्री एकही नाही, आणि त्या वीस वर्षांत कुणाला ते खटकलं असावं असंही दिसत नाही. तिथे गेलं की ही उणीव मला दर वेळी टोचते.

पण फ्लॉरेन्सची खरी यादी पुतळ्यांची नाही, थडग्यांची आहे. सांता क्रोचे हे फ्रान्सिस्कन साधूंचं मोठं चर्च. तिथे कोण पुरलं गेलं आणि कोण नाही, यावरून साडेचारशे वर्षं राजकारण चाललं. त्याची सुरुवात एका पळवापळवीने झाली. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी मायकेलअँजेलो रोममध्ये वारला, नव्वदीला दोन वर्षं कमी. पोपला त्याचं दफन रोममध्येच हवं होतं, आणि त्याचं पार्थिव एका चर्चमध्ये ठेवलंही होतं. त्याचा पुतण्या फ्लॉरेन्सहून आला आणि त्याने काकाचा देह व्यापारी मालाच्या गाठोड्यासारखा बांधून गुपचूप शहराबाहेर काढला. वसारीने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मार्चमधल्या एका रविवारी रात्री फ्लॉरेन्सचे चित्रकार-शिल्पकार मशाली घेऊन जमले, तरुणांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि ती सांता क्रोचेत नेली. बातमी गुप्त ठेवायची ठरली होती, पण गर्दी एवढी लोटली की चर्चमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्याच फेब्रुवारीत, मायकेलअँजेलोच्या मृत्यूच्या तीनच दिवस आधी, पिसामध्ये गॅलिलिओ जन्मला होता. सांता क्रोचेतली पुढची कहाणी त्याची. खरं तर ती विन्चेन्झो विवियानीची. इटलीतला सर्वांत मोठा माणूस कोण, या वादात मी कुणाच्याही बाजूने उभा राहीन, पण सर्वांत मोठा शिष्य कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

विवियानी सतरा वर्षांचा असताना आर्चेत्रीच्या घरी गॅलिलिओकडे राहायला आला. ते साल १६३९. गॅलिलिओ तेव्हा पंचाहत्तरीचा, आंधळा आणि चर्चच्या न्यायासनाच्या हुकुमाने घरात नजरकैद. मुलगा वाचून दाखवायचा, सांगितलेलं लिहून घ्यायचा, भूमितीच्या शंका विचारायचा. ८ जानेवारी १६४२च्या रात्री म्हातारा गेला तेव्हा तो जवळ होता. गॅलिलिओची इच्छा होती, सांता क्रोचेत वडिलांशेजारी दफन व्हावं. ग्रँड ड्यूक फेर्दिनांदोच्या मनात तर भव्य स्मारक होतं, मायकेलअँजेलोच्या अगदी समोर. पोप आठवे अर्बन यांच्या कानावर ते गेलं. त्यांनी फ्लॉरेन्सच्या वकिलाला बोलावून सांगितलं की ज्या माणसाने ख्रिस्ती जगात एवढा गोंधळ माजवला त्याचं स्मारक उभारणं बरं दिसणार नाही. ड्यूक गप्प बसला. गॅलिलिओला चर्चच्या मुख्य भागात जागा मिळालीच नाही. घंटाघराखालच्या एका चिंचोळ्या खोलीत, नवशिक्या साधूंच्या प्रार्थनाघराशेजारी, त्याला विटांच्या थडग्यात ठेवलं. नाव नाही, लेख नाही.

विवियानी तेव्हा वीस वर्षांचा नव्हता. त्यानंतर तो एकसष्ट वर्षं जगला. ड्यूकच्या दरबारचा गणिती झाला, नावारूपाला आला, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्याला मानधन लावून दिलं. या सगळ्या काळात त्याचं एक काम कधी सुटलं नाही. गुरूची पत्रं, हस्तलिखितं, कागदाचे कपटे तो जमवत राहिला. चरित्र लिहिलं. त्यात त्याने एक गोष्ट अशी केली की इतिहासकार अजून तिच्यावर वाद घालतात. गॅलिलिओचा जन्म आणि मायकेलअँजेलोचा मृत्यू एकाच दिवशी झाला, असं त्याला दाखवायचं होतं. मधले तीन दिवस त्याला मिटवायचे होते. एका थोराचा प्राण गेला आणि दुसऱ्याचा त्याच क्षणी आला, असं लोकांना पटलं, तर दोघांची थडगी समोरासमोर हवीत हेही पटेल, हा त्यामागचा हिशेब. तारखेला हात लावणं चूकच. पण दुसरा कुठलाही दरवाजा उघडत नसताना त्याने हे केलं, हेही विसरता येत नाही.

चर्चमध्ये स्मारक होऊ देत नाहीत म्हटल्यावर त्याने ते स्वतःच्या घरावर केलं. सान आंतोनीनो रस्त्यावरचं हे घर त्याने लुईच्या पैशातून घेतलं होतं. १६९०च्या दशकात त्याने घराचं तोंड बदलून घेतलं. दारावर गॅलिलिओचा ब्राँझचा अर्धपुतळा आणि दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, दगडी कागदाच्या गुंडाळ्या उलगडाव्यात तसे दोन प्रचंड शिलालेख. त्यात गॅलिलिओचं सगळं कार्य लॅटिनमध्ये कोरलेलं: गुरूचे चंद्र, सूर्यावरचे डाग, पडणाऱ्या वस्तूंचा वेग, तोफगोळ्याचा मार्ग. खाजगी घराच्या भिंतीवर काय लिहावं यावर बंदी नव्हती. हे घर आजही आहे. खाली माणसं मंडईकडे जात-येत असतात, वर तो मजकूर. मान वर करून वाचायला लागलं की पाच ओळींतच मान दुखू लागते, आणि लिहिणाऱ्याने एवढं सगळं त्या भिंतीवर का दाटून बसवलं ते लख्ख कळतं. दुसरी भिंत त्याला मिळणार नव्हती.

१७०३ साली विवियानी वारला. मृत्युपत्रात त्याने आपली मालमत्ता एका अटीवर वारसांना दिली: गॅलिलिओचं स्मारक सांता क्रोचेत उभारायचं. वारसांमागून वारस बदलले. १७३४मध्ये अखेर चर्चच्या न्यायासनाने हरकत नसल्याचं कळवलं, मात्र कोरायचा मजकूर आधी दाखवावा असं बजावलं. १२ मार्च १७३७च्या संध्याकाळी शहरातले प्राध्यापक आणि सरदार मशाली घेऊन त्या घंटाघराखालच्या खोलीत जमले. आधी विवियानीचं थडगं उघडलं, कारण तोही गुरूजवळच पुरला गेला होता. त्याची पेटी बाहेर काढून चर्चमध्ये नेली. मग गॅलिलिओचं थडगं फोडलं. आत एक पेटी असणार अशी सगळ्यांची समजूत. निघाल्या दोन, एकीवर एक.

आता गॅलिलिओ कोणता? जमलेल्यांत आंतोनियो कोक्की हा शरीरशास्त्रज्ञ होता. त्याने हाडं तपासली आणि सांगितलं की एक देह म्हाताऱ्या पुरुषाचा आहे, दुसरा तरुणपणी गेलेल्या स्त्रीचा. ती कोण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण अभ्यासकांचा कयास एकाच नावाकडे जातो: गॅलिलिओची मुलगी, जोगीण झालेली मारिया चेलेस्ते. मठातून तिने वडिलांना लिहिलेली १२४ पत्रं उरली आहेत. ती त्यांचे कॉलर शिवायची, औषधं करून पाठवायची, हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती काढायची. १६३४ साली तेहेतिसाव्या वर्षी ती गेली. ही पेटी तिथे कुणी ठेवली असेल, तर ते विवियानीचंच काम असणार असं मला वाटतं. गॅलिलिओला सगळ्यांत प्रिय काय होतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

तिन्ही पेट्या नव्या स्मारकाखाली ठेवल्या. वर गॅलिलिओचा पुतळा, दोन बाजूंना खगोल आणि भूमिती या दोन स्त्रीमूर्ती. त्या मुलीचं नाव तिथे नाही. त्या संध्याकाळचा एक भाग मात्र सांगायला जड जातो. जमलेल्या विद्वानांनी गॅलिलिओच्या हाताची तीन बोटं, एक दात आणि पाठीचा एक मणका काढून घेतला, संतांचे अवशेष काढतात तसा. मणका पाडुआच्या विद्यापीठात आहे. मधलं बोट फ्लॉरेन्सच्या विज्ञान संग्रहालयात काचेच्या भांड्यात. उरलेली दोन बोटं आणि दात १९०५पासून बेपत्ता होते. ते २००९मध्ये एका लिलावात निघाले, विकणाऱ्याला त्या भांड्यात काय आहे याचा पत्ताही नव्हता.

गॅलिलिओला जागा मिळायला ९५ वर्षं लागली. दान्तेला तिथे जागा आहे, पण दान्तेच नाही. सांता क्रोचेत त्याचं मोठं संगमरवरी स्मारक आहे, १८३०च्या सुमाराचं, आणि ते आतून रिकामं आहे.

फ्लॉरेन्सने १३०२ साली दान्तेला हद्दपार केलं. सापडला तर जिवंत जाळावं, असं शिक्षेत लिहिलं होतं. तो परत आलाच नाही. १३२१च्या सप्टेंबरात रावेन्नाला वारला, तिथेच फ्रान्सिस्कन मठाशेजारी पुरला गेला. पुढे फ्लॉरेन्सला आपल्या मुलाची आठवण आली. मागण्या सुरू झाल्या, रावेन्ना नाही म्हणत राहिलं. १५१९ साली मागणी भलतीच वजनदार झाली. पोप दहावे लिओ स्वतः फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातले. त्यांच्याकडे गेलेल्या अर्जावर मायकेलअँजेलोची सही होती, आणि कवीला शोभेल असं थडगं मी घडवतो असं त्याने लिहून दिलं होतं. पोपनी परवानगी दिली. फ्लॉरेन्सची माणसं रावेन्नाला पोचली, दगडी पेटीचं झाकण उचललं. आत हाडं नव्हती.

साधूंनी पलीकडच्या मठातून भिंतीला भोक पाडून ती काढून नेली होती. या एका प्रसंगात जगाने काय गमावलं, ते विचारात घेण्यासारखं आहे: मायकेलअँजेलोच्या हातचं दान्तेचं थडगं. तरी मी साधूंना दोष देऊ शकत नाही. ज्या गावाने जाळायचा हुकूम काढला त्याला देह का द्यावा? ज्यांनी आसरा दिला, त्यांचा हक्क मोठा. १६७७मध्ये आंतोनियो सांती या साधूने ती हाडं एका लाकडी पेटीत ठेवली आणि पेटीवर शाईने लिहिलं की ही दान्तेची हाडं आहेत, मी ती इथे ठेवली. १८१०मध्ये नेपोलियनच्या राजवटीत मठ रिकामे करावे लागले, तेव्हा जाता जाता साधूंनी पेटी जवळच्या एका भिंतीत चिणली. त्यांच्यामागे ती जागा कुणालाच ठाऊक राहिली नाही.

१८६५ हे दान्तेच्या जन्माचं सहाशेवं वर्ष. इटली नुकतीच एक झालेली, राजधानी फ्लॉरेन्स. १४ मे रोजी सांता क्रोचेच्या चौकात दान्तेच्या भव्य पुतळ्याचं अनावरण राजा व्हित्तोरियो एमानुएले याच्या हजेरीत झालं. गावोगावचे प्रतिनिधी झेंडे घेऊन आले होते. पुतळा घडवणारा एन्रिको पात्सी मूळचा रावेन्नाचा. सगळ्या देशाने ज्याला आपला पहिला थोर माणूस मानला, त्याचं शरीर कुठे आहे हे त्या चौकात कुणालाही माहीत नव्हतं. आणि तेराच दिवसांनी, २७ मे रोजी, रावेन्नात त्याच शताब्दीसाठी थडग्याच्या परिसराची डागडुजी करणाऱ्या गवंड्यांची पहार एका भिंतीतल्या लाकडी पेटीवर आदळली. पेटीची फळी निसटली, हाडं खाली आली. ती फेकूनच द्यायची, पण तिथे हजर असलेल्या एका विद्यार्थ्याने फळीवरचं लॅटिन वाचलं. दोनशे वर्षांपूर्वी आंतोनियो सांतीने शाईने लिहिलेल्या त्या ओळीने दान्ते वाचला. मग ती हाडं काचेच्या पेटीत मांडून ठेवली आणि सारं गाव दर्शनाला लोटलं.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने रावेन्नाने ती पुन्हा एकदा बागेत पुरली, तिथे वेलींनी झाकलेला उंचवटा आणि पाटी अजून आहे. फ्लॉरेन्सने बाकी सगळे मार्ग सोडून दिले. आता दर सप्टेंबरात ते रावेन्नाला तेल पाठवतं, थडग्यावरच्या दिव्यासाठी. २००८मध्ये फ्लॉरेन्सच्या नगरसभेने दान्तेची शिक्षा रद्द करण्याचा ठराव मतदानाला घेतला. तो १९ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. सातशे वर्षांनंतरही पाच जण विरोधात गेले.

विसाव्या शतकात यादी पैशावर आली. लिराच्या नोटांवर व्हेर्दी, गॅलिलिओ, कोलंबस, मायकेलअँजेलो, लिओनार्डो असे एकेक येऊन गेले. युरो यायचा झाला तेव्हा, १९९८मध्ये, नाण्यांची चित्रं कोणती असावीत हा प्रश्न सरकारने रविवारच्या एका लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमातून थेट लोकांपुढे ठेवला आणि फोनवर मतं मागवली. दोन युरोवर राफाएलने काढलेला दान्ते आला, दहा सेंटवर बोत्तिचेल्लीची व्हीनस. एका नाण्यावर मात्र मतदान झालं नाही. एक युरोवर लिओनार्डोचा वर्तुळातला मनुष्य असणार, हे अर्थमंत्री कार्लो अझेलियो चांपी यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पैसा माणसासाठी असतो, माणूस पैशासाठी नसतो, ही त्यांची भूमिका. पुढे २०१०मध्ये सरकारी वाहिनीने सार्वकालिक थोर इटालियन कोण यासाठी प्रेक्षकांची मतं घेतली, तेव्हा पहिला आला लिओनार्डोच. त्या यादीतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. माफियांविरुद्ध लढताना १९९२मध्ये दोन महिन्यांच्या आत बॉम्बने उडवले गेलेले न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांना लोकांनी एकच नाव धरून, एकत्र मत दिलं आणि फार वर नेलं.

मला मत द्यायचं असतं, तर मी ते मारिया माँटेसरी यांना दिलं असतं.

पिंचोच्या बागेत एवढ्या पुतळ्यांत स्त्रिया तीनच: संत कातेरिना, कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना आणि नोबेल मिळवणारी कादंबरीकार ग्रात्सिया देलेद्दा. माँटेसरीबाई तिथे नाहीत. लिराच्या शेवटच्या मालिकेत, १९९०पासून, त्या हजाराच्या नोटेवर होत्या. ती मालिकेतली सर्वांत लहान नोट, म्हणून सगळ्यांत जास्त हातांतून फिरलेली. मालिकेत स्त्री त्या एकट्याच. नोटेच्या पाठीमागे अभ्यास करणारी मुलं. पण त्यांच्या शाळा मुसोलिनीच्या राज्यात बंद पडल्या होत्या, आणि १९३९मध्ये त्या मुलगा मारिओसह मद्रासजवळ अड्यारला येऊन राहिल्या होत्या. १९४०च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत डांबलं.

मारिओ हा लग्नाशिवाय झालेला मुलगा. बाईंनी त्याला जन्मतः दूर ठेवलं होतं, आणि तो मोठा होऊन परत आल्यावरही चारचौघांत पुतण्या किंवा मानलेला मुलगा म्हणूनच त्याची ओळख करून दिली जायची. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाई सत्तर वर्षांच्या झाल्या. व्हाइसरॉयची तार आली: तुम्हाला वाढदिवसाला काय द्यावं याचा विचार करत होतो, तुमचा मुलगा तुम्हाला परत देणं हीच योग्य भेट ठरेल. मारिओ सुटून आला. चार दशकं जे कुणी उघड म्हटलं नव्हतं ते सरकारी तारेत लिहून आलं, आणि त्यानंतर तो जगापुढे त्यांचा मुलगा म्हणूनच राहिला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून भारतात हजारावर शिक्षक तयार केले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धत त्याआधीच गुजरातीत आणि मराठीत आणली होती. ताराबाई पुढे ती बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत घेऊन गेल्या. महागडी साधनं परवडत नव्हती, तिथे त्यांनी शंख, शिंपले, बिया आणि काटक्या वापरल्या.

२००२मध्ये लिरा बंद झाला आणि हजाराची नोटही गेली. २०२० साली, बाईंच्या जन्माला दीडशे वर्षं झाली तेव्हा, इटलीने दोन युरोचं खास नाणं काढलं. एरवी ज्या बाजूला दान्ते असतो, तिथे त्या आहेत.